घरची छोटी वायनरी : पहिल्यांनी ती कशी तगवली, आणि कोल्हापूरकराने त्यातून काय घ्यावं

शिरोळ तालुक्यातल्या एका ऊसकरी घरातून प्रश्न आला आहे. दोघे भाऊ; थोरला शेती बघतो, धाकट्याने फूड टेक्नॉलॉजी केलं आहे. पाच एकर रान उसातून मोकळं करायची तयारी आहे. त्यांचं विचारणं असं : "मोठ्या कंपन्यांचं सोडा. जिथे कोणी वाइन केली नव्हती तिथे एखाद्या घराने स्वतःच्या पैशाने छोटी वायनरी काढून टिकवली आहे का? कशी? आणि आपल्या कोल्हापूर भागात ते जमेल का?"

आधी इतिहास सांगतो, मग कोल्हापूरकडे येतो. माझं आयुष्य दुसऱ्यांच्या टाक्या सांभाळण्यात गेलं, आधी नारायणगाव-नाशिककडे, नंतर पलूस भागात. वायनरीची गोष्ट सांगताना लोक पहिली बाटली आणि पहिलं पदक सांगतात. मी मात्र एवढंच विचारतो, की पहिली बाटली विकेपर्यंत त्या घराची चूल कशावर पेटत होती? ज्यांच्याकडे याला उत्तर होतं ते टिकले. बाकीच्यांची वाइन वाईट होती असं नाही, त्यांचे पैसे आधी संपले.

पहिलं घर अमेरिकेतलं. डेव्हिड लेट नावाचा तरुण, तत्त्वज्ञानाचा पदवीधर, दाताचा डॉक्टर व्हायला निघालेला. कॅलिफोर्नियातल्या नापा खोऱ्यात त्याला द्राक्षाचं वेड लागलं आणि त्याने डेव्हिसच्या विद्यापीठात द्राक्षशास्त्र केलं. मग युरोपात जाऊन बागा पाहिल्या आणि एक मत पक्कं केलं. द्राक्षाची जात जिथे जेमतेम पिकते, त्या काठावरच तिचा स्वाद सगळ्यात चांगला उतरतो. गरम भागात साखर भराभर चढते आणि सुगंध मागे राहतो. फ्रान्सच्या बरगंडी प्रांतातली पिनो न्वार ही लाल वाइनची जात कॅलिफोर्नियाच्या उन्हात नव्हे, तर उत्तरेच्या थंड, पावसाळी ऑरेगन राज्यात लावली पाहिजे, असं त्याचं म्हणणं. जाणकारांनी त्याला वेड्यात काढलं : तिथे बुरशी येईल, माल पिकणारच नाही.

1965 साली तो सुमारे 3,000 काड्या घेऊन ऑरेगनला गेला. आधी कॉर्व्हालिस गावाजवळ रोपवाटिकेत त्या मुळावर आणल्या आणि त्या काळात जमीन शोधत फिरला. 1966 मध्ये डंडी टेकड्यांवर, पूर्वी आलुबुखाराची बाग असलेल्या जमिनीत, त्याने आणि त्याची बायको डायाना हिने त्या लावल्या. या टेकड्या ज्या विलामेट खोऱ्यात आहेत, तिथल्या पहिल्या पिनो न्वारमध्ये या बागेची गणना होते. पिनो ग्री ही पांढरी जात तर अमेरिकेत पहिल्यांदा इथेच लागली. बागेच्या माथ्यावरच्या झाडांत ससाण्यांचं घरटं होतं, म्हणून नाव ठेवलं 'द आयरी व्हिनयार्ड्स'.

इथून पुढचा भाग मन लावून वाचा. 1966 ला लागवड आणि पहिली वाइन 1970 च्या हंगामाची. मधल्या वर्षांत आणि त्यानंतरही लेट पाठ्यपुस्तकांच्या प्रकाशनासाठी विक्रेत्याचं काम करत होता, कॉलेजाकॉलेजांत पुस्तकं विकत होता. बाग सुट्टीच्या दिवशी. वायनरीसाठी त्याने नवी इमारत बांधली नाही. मॅकमिनव्हिल गावात टर्की कोंबड्या सोलून पॅक करण्याचा जुना कारखाना पडून होता, तोच घेतला. फरशीला उतार होता, पाणी निघून जायला गटारं होती, भिंती जाड होत्या. वायनरीला याहून वेगळं काय लागतं? आपल्याकडचा नवा माणूस आधी दगडी कमान बांधतो, कारंजं बसवतो, आणि चिलरला, म्हणजे टाक्या गार ठेवणाऱ्या यंत्राला, पैसे उरत नाहीत.

पहिली पिनो न्वार इतकी फिकट निघाली की त्याने तिच्यावर जातीचं नावच लावलं नाही, 'ऑरेगन स्प्रिंग वाइन' म्हणून विकली. याला मी धंद्याची अक्कल म्हणतो. नाव राखून ठेवलं आणि माल तर विकला. 1975 च्या हंगामाची त्याची साउथ ब्लॉक रिझर्व्ह ही पिनो न्वार 1979 साली पॅरिसमध्ये गो-मिलो मासिकाने भरवलेल्या चाचणीत पहिल्या दहांत आली. फ्रान्सच्या नामांकित घराण्यांना ते पटलं नाही. बरगंडीच्या रोबेर द्रुआँ यांनी 1980 मध्ये पुन्हा सामना लावला, स्वतःच्या निवडक बाटल्या ठेवल्या. आयरी दुसरी आली, पहिल्या क्रमांकाच्या अगदी पाठीला पाठ लावून. 1987 साली त्याच द्रुआँ घराण्याने डंडी टेकड्यांवर जमीन विकत घेतली.

लागवडीपासून मान्यतेपर्यंत 13 वर्षं, आणि त्यातली कितीतरी पुस्तकं विकण्यात गेली.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. तिथे त्याच सुमारास आणखी चार-पाच घरं आली : एराथ, पाँझी, आडेल्शाइम वगैरे. एकमेकांची यंत्रं वापरायची, काड्या वाटून घ्यायच्या, जमीन शेतीसाठीच राखून ठेवा म्हणून सरकारदरबारी मिळून खेटे घालायचे. 1977 मध्ये तर त्यांनी स्वतःवरच कडक लेबल-नियम लादून घेतले. बाटलीवर पिनो न्वार लिहिलं तर आत 90 टक्के पिनो न्वारच हवी. देशाचा नियम त्याहून बराच ढिला होता. छोट्या माणसाकडे जाहिरातीला पैसा नसतो, त्याची पत हीच त्याची जाहिरात. डेव्हिड लेट 2008 मध्ये गेले. त्याआधीच मुलगा जेसन याने सूत्रं हातात घेतली होती आणि वायनरी अजून घरचीच आहे.

आता आपल्या देशात या.

आपल्याकडे 1980 च्या दशकात नारायणगावला शामराव चौगुले यांनी शॅम्पेनच्या पद्धतीची फसफसती वाइन करायला घेतली, फ्रेंच तंत्रज्ञ आणून. 'ओमर खय्याम' या नावाने ती परदेशात गेली आणि भारतात चांगली वाइन होते हे जगाने पहिल्यांदा मानलं. पण तो पहिल्यापासून मोठा प्रकल्प होता. नंतर तर परदेशातल्या खरेद्या, कर्जं आणि 2008 ची मंदी यांत तो बुडाला. तुमच्या प्रश्नाला ते उदाहरण लागू नाही, पण वाढीची घाई काय करते हे बघायला जरूर वाचा.

घरचं म्हणावं असं उदाहरण ग्रोव्हर कुटुंबाचं. कंवल ग्रोव्हर हे मुंबईचे व्यापारी, परदेशी यंत्रसामग्रीचा व्यवसाय. कामानिमित्त फ्रान्सला जाणं-येणं. तिथल्या वाइनची गोडी लागली आणि हे भारतात का होऊ नये, असं डोक्यात बसलं. त्यांनी शॅम्पेन प्रांतातले जाणते तंत्रज्ञ जॉर्ज व्हेसेल यांना बोलावलं. व्हेसेल हे बूझी गावचे, नावाजलेल्या शॅम्पेन घराण्यात बागांचं काम पाहिलेले. दोघांनी देशभर जमिनी पाहिल्या आणि फ्रेंच द्राक्षांच्या सुमारे 35 जाती लावून पाहिल्या. हे लावून पाहणं जवळजवळ दहा वर्षं चाललं. शेवटी बंगळूरजवळ नंदी हिल्सच्या पायथ्याशी, दोड्डबळ्ळापूरच्या बाजूला, सुमारे 900 मीटर उंचीवर जागा ठरली. 1988 मध्ये ग्रोव्हर व्हिनयार्ड्स उभी राहिली आणि 1992 च्या सुमाराला वाइन बाजारात आली.

तिथे बंगळूर ब्लू हे खायचं आणि रसाचं द्राक्ष मांडवावर घेतलं जायचं. कॅबर्ने सोव्हिन्याँसारखी जात घ्यायची, वेल उभ्या तारेवर घ्यायचा, आणि एकरी माल मुद्दाम कमी ठेवायचा, हे आजूबाजूच्या शेतकऱ्याला पटवणं सोपं नव्हतं. माल कमी काढ आणि पैसे जास्त घे, असं सांगणाऱ्याकडे शेतकरी संशयानेच बघतो, आणि त्याचं बरोबर आहे. 1990 च्या दशकाच्या मध्यात बोर्दोचे सल्लागार मिशेल रोलाँ त्यांच्याबरोबर आले आणि 'ला रिझर्व्ह' ही लाल वाइन नावारूपाला आली. मुलगा कपिल यांनी कारभार वाढवला, नात करिश्मा डेव्हिसमध्ये वाइनशास्त्र शिकून आली. 2012 मध्ये नाशिककडच्या व्हॅली द व्हॅन या कंपनीशी एकत्रीकरण होऊन ग्रोव्हर झाम्पा झालं. म्हणजे तिसऱ्या पिढीपर्यंत ते निव्वळ घरचं राहिलं नाही, भांडवल बाहेरून आलं. यात कमीपणा नाही. या धंद्यात ते बहुधा होतंच.

पण इथेही प्रश्न तोच. दहा वर्षं 35 जाती लावून बघणं कोणाला परवडतं? ज्याचा दुसरा धंदा चालू आहे त्याला. यंत्रांच्या व्यापाराने ती बाग पोसली.

नाशिकचे राजीव सामंत तुम्हाला माहीत असतील, म्हणून थोडक्यात. अमेरिकेतली नोकरी सोडून आले, वडिलांच्या जमिनीवर आंबा, गुलाब, खायची द्राक्षं करून पाहिली. 1997 मध्ये सोव्हिन्याँ ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या पांढऱ्या जाती लावल्या, कॅलिफोर्नियाचे केरी डॅमस्की यांना सल्लागार म्हणून घेतलं आणि 2000 मध्ये सुलाच्या बाटल्या आल्या. सुरुवात घरची होती, पुढे ती मोठी कंपनी झाली. त्यांच्याकडून घ्यायची गोष्ट एकच : गिऱ्हाईक वायनरीवर आणलं. दारूची जाहिरात करता येत नाही अशा देशात तो सगळ्यात हुशार निर्णय होता.

मग 2001 मध्ये महाराष्ट्र सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. राज्यातल्या वाइनला उत्पादन शुल्क माफ, परवाने सोपे, नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क. पलूस म्हणजे कोल्हापूरपासून तासा-दीड तासावर. त्या दिवसांत तासगाव-पलूस पट्ट्यात प्रत्येक दुसरा बागायतदार वायनरीच्या गप्पा मारत होता. नंतर व्हॅटचा परतावाही आला : 20 टक्के व्हॅटपैकी 16 टक्के सरकार परत देतं. देतं म्हणजे कधी वेळेवर, कधी वर्षानुवर्षं लोंबकळत. ज्याचा हिशोब या परताव्यावर उभा आहे त्याने वायनरी काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

2008 च्या शेवटी मंदी आली, मुंबईवरचा हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली. टाक्या भरलेल्या आणि पुढचा हंगाम दारात. वाइन द्राक्षाचे करार मोडले, शेतकऱ्यांची बिलं अडकली. वाइनचं द्राक्ष टेबलावर खायला विकता येत नाही. दाणा बारीक, साल जाड, आत बिया. बेदाणाही धड होत नाही. लोकांनी बागा उपटल्या. पलूसच्या बाजूने ज्यांनी प्लॉट घेतले त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं उत्पादन टिकलं नाही. मी त्यातल्या काहींच्या टाक्यांतली वाइन चाखली आहे. चांगली होती. नाशिकला यॉर्क ही गुरनानी कुटुंबाची वायनरी त्या काळातून तगली, नाव कमावलं आणि 2021 मध्ये सुलाने ती घेतली. निफाडची रेव्हेलो इटालियन जातींवर उभी राहिली. ग्रिलो आणि नेरो दाव्होला भारतात त्यांनी पहिल्यांदा केली. छोट्याने असंच काहीतरी वेगळं धरायचं असतं. शेनिन ब्लाँच्या स्वस्त बाटलीत मोठ्यांशी झुंजायला गेलात तर संपलात.

तुमच्या सगळ्यात जवळचं उदाहरण अकलूजचं, आणि तेही साखरेच्या घरातलं. मोहिते-पाटलांच्या घरातले दोघे भाऊ, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेची बंधू यांनी मिळून फ्रातेल्ली काढली. 2007 च्या आसपास फ्रान्समधून लाखोंनी कलमं आणून अकलूज, मोटेवाडी, गारवाड-निमगावच्या माळरानांवर 240 एकर लागवड केली आणि टस्कनीचे पिएरो मासी यांना वाइनमेकर म्हणून आणलं. सोलापूर जिल्ह्यातल्या उन्हात साँजोव्हेसे ही इटलीची लाल जात पिकते, हे त्यांनी दाखवलं. ती काही छोटी वायनरी नव्हे. पण बघण्यासारखं हे, की ज्यांच्याकडे पाणी, कारखाना आणि उसाचा पैसा होता त्यांनीही उसाचं काळं रान न घेता माळ निवडला.

आता तुमच्या पाच एकरांचा हिशोब. वाइनसाठी एकरी पाच टनांच्या आसपास माल ठेवायचा. खायच्या द्राक्षासारखे दहा-बारा टन काढलेत तर रस पाणचट. पाच एकर म्हणजे 25 टन. किलोला साधारण 650 मिलिलिटर वाइन धरा : 16,000 लिटर. 750 मिलिलिटरच्या 21,000 हून जास्त बाटल्या. ऐकायला कमी वाटतं. पण रोज 60 बाटल्या विकल्याशिवाय वर्षाचा माल वर्षात संपत नाही, आणि तेवढ्यात पुढचा माल तयार असतो.

पैसा कधी येतो ते गुऱ्हाळाशी ताडून बघा. सकाळी घाण्यात घातलेला ऊस संध्याकाळपर्यंत रव्यांत भरलेला असतो, आणि थोड्याच दिवसांत शाहू मार्केट यार्डात सौदा होऊन पट्टी हातात पडते. वाइनमध्ये जानेवारी-फेब्रुवारीत खुंट लावायचे, पावसाळ्याच्या शेवटी त्यावर कलम भरायचं, पुढच्या एप्रिलला खरड छाटणीपासून वेलाचा सांगाडा बांधायचा. धरण्यासारखा माल तिसऱ्या वर्षी. तो फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडला, आंबवला. पांढरी वाइन त्याच वर्षी बाटलीत जाईल. लाल ओकच्या पिंपात ठेवली तर आणखी वर्ष-दीड वर्ष. मग दुकानदार आणि हॉटेलवाला माल घेतात, पैसे दोन-चार महिन्यांनी. म्हणजे खड्डा खोदल्यापासून पहिला खरा रुपया यायला चार-पाच वर्षं. बँकेचा हप्ता त्याआधी सुरू होतो. छोट्या वायनऱ्या इथेच मोडल्या, आंबवण्यात नाही. लेटची पुस्तकं आणि ग्रोव्हरांची यंत्रं याच चार-पाच वर्षांसाठी होती. तुमच्याकडे ऊस आहे. तो सगळा काढून टाकू नका, हा माझा पहिला सल्ला.

दुसरा मुद्दा जमिनीचा, आणि इथे मी तुम्हाला निराश करणार आहे. शिरोळ म्हणजे कृष्णा-पंचगंगेचा काठ. भारी काळी माती, वर्षानुवर्षं पाटाचं पाणी, हजारो एकर क्षारपड. 2019 आणि 2021 चा पूर तुम्ही स्वतः पाहिला आहे. वाइनच्या वेलाला उपाशी ठेवायचं असतं. मुरमाड, निचऱ्याची, उथळ जमीन. काळ्या रानात वेल नुसता पाला वाढवतो, दाट कॅनॉपीत हवा खेळत नाही, केवडा आणि भुरी हे बुरशीचे रोग मागे लागतात, फवारण्या वाढतात. डॉगरिज खुंट क्षार बऱ्यापैकी सोसतो, पण तोच वेलाला जोरही फार देतो. म्हणजे एक दुखणं गेलं आणि दुसरं आलं. 110 आर खुंट जोर आवरतो. तरी खुंट बदलून नदीकाठ माळ होत नाही.

जिल्ह्याच्या पश्चिमेचं तर विचारूच नका. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी इथे पावसाळा इतका की वेल करप्यानेच जाईल. उरतो पूर्वेचा कोरडा पट्टा : हातकणंगल्याच्या आळते-मजले बाजूचे डोंगरउतार, गडहिंग्लजची पूर्वेकडची माळरानं. तिथेही उंची फार नाही. नाशिकला हिवाळ्यात रात्री जो गारठा पडतो तो आपल्याकडे कमी. रात्री गरम राहिल्या की द्राक्षातलं मॅलिक आम्ल जळून जातं; साखर 23-24 ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) आणि पीएच 3.8 च्या वर, म्हणजे गोड पण आंबटपणा नसलेला, असा रस हातात येतो. तो टार्टारिक आम्ल घालून सावरता येतो, पण प्रत्येक वर्षी सावरावाच लागेल हे धरून चाला. म्हणून तोडणी पीएच आणि आम्ल मोजून ठरवायची, ब्रिक्सच्या मोहात थांबायचं नाही. तोडणी पहाटे, उन्हं चढायच्या आत क्रेट सावलीत. लाल जातींत इथे शिराज मला जास्त भरवशाची वाटते, कॅबर्ने नाही. पांढऱ्यात शेनिन ब्लाँ आम्ल टिकवते आणि आपल्या जेवणाला चालते. पांढऱ्या रश्श्याबरोबर किंचित गोडसर, थंडगार शेनिन घेऊन बघा. तांबड्याबरोबर मात्र कुठलीच वाइन धड लागत नाही, कोणी काहीही सांगो.

मग जमत नाही का? जमतं, पण उलट्या बाजूने. बाग आधी लावू नका. पहिली तीन वर्षं द्राक्ष विकत घ्या. मिरज, कवठेमहांकाळ, तासगाव या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या द्राक्ष करणारी माणसं आहेत. तास-ए-गणेशसारखी खायच्या द्राक्षाची जात ज्या मातीत निवडली गेली तिथल्या शेतकऱ्याला तुम्ही छाटणी शिकवायला जाणार नाही, त्याच्याकडून शिकाल. वाइनच्या जाती अजून ठेवलेले मोजके बागायतदार शोधा, पाच-सहा टनांपासून सुरुवात करा आणि दर तोडणीआधी लेखी ठरवा. पैसे तोडणीच्या आठवड्यात द्या. 2009 नंतर त्या भागात वाइनवाल्याच्या शब्दाला किंमत उरलेली नाही. ती परत मिळवणं, हीच तुमची पायाभरणी.

वायनरी छोटी ठेवा. स्टीलच्या जॅकेट असलेल्या (दुहेरी भिंतीच्या, मधून गार पाणी फिरणाऱ्या) टाक्या, एक भरवशाचा चिलर, चांगला प्रेस, प्रयोगशाळेचं टेबल. पांढरी 14-16 अंशांवर आंबवायची आहे आणि मार्चमध्ये बाहेर 38 अंश असणार. वीज गेली तर? जनरेटर टाकीच्या आधी घ्या. पिंपं पहिल्या वर्षी घेऊच नका. फ्रेंच ओकचं 225 लिटरचं एक पिंप लाखाच्या घरात जातं, आणि कच्च्या वाइनला ओकचा वास आला म्हणून ती पिकत नाही. धाकट्याचं फूड टेक्नॉलॉजी इथे कामाला येईल : मुक्त सल्फर डायऑक्साइड, पीएच, व्होलाटाइल आम्ल, उरलेली साखर हे रोज वहीत लिहिणारा माणूस घरचाच असला पाहिजे. पगारी वाइनमेकर हंगामात येतो-जातो. टाकीतली वाइन जूनमध्ये बिघडते, जेव्हा कोणी बघत नसतं. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. त्यांचं प्रशिक्षण घ्या, माती-पाणी-पानदेठ तपासून घ्या.

विक्रीत कोल्हापूरची अडचण अशी, की नाशिकला मुंबईचा माणूस शनिवारी येऊन रविवारी परत जातो, इथे पावणेचारशे किलोमीटर कोण येणार? इथे येतात ते अंबाबाई आणि जोतिबाला, घरची माणसं घेऊन. त्यांना वाइन टेस्टिंगच्या पाट्या दाखवून उपयोग नाही, उलट रोष येईल. पण गोव्याला जाणारी बरीच वाहतूक महामार्गाने कोल्हापूरवरून निपाणी-आजरा-आंबोलीकडे उतरते, आणि त्या गाड्यांत तुमचं गिऱ्हाईक आहे. दुर्दैवाने निपाणी कर्नाटकात. बेळगाव तुम्हाला शेजार वाटतं, पण दारूच्या कायद्यात ते परराज्य आहे. तिथे बाटली विकायची तर तिथली लेबल नोंदणी, तिथलं शुल्क, तिथला वितरक. गोव्याचंही तेच. 21,000 बाटल्यांच्या वायनरीने तीन राज्यांची फी भरू नये. पुणे आणि कोल्हापूर, एवढ्यावर पहिली पाच वर्षं काढा. आयात वाइनचंही भान ठेवा. डिसेंबर 2022 मध्ये ऑस्ट्रेलियाशी करार लागू झाल्यापासून पाच ते पंधरा डॉलरच्या ऑस्ट्रेलियन बाटलीचं 150 टक्के सीमाशुल्क 100 वर आलं आणि ते दर वर्षी उतरतं आहे. मधल्या किमतीच्या बाटलीत ही स्पर्धा तुम्हाला लागणार.

गावाचंही बघा. वायनरी म्हणजे शेतमाल प्रक्रिया, असं सरकार म्हणतं. गाव म्हणतं दारूची फॅक्टरी. ज्या राज्यात बायका मतदान करून आडवी बाटली करतात आणि गावातलं दुकान बंद पाडतात, तिथे ग्रामसभेत आधीच जाऊन बोलावं. काय बनणार, कुठे विकणार, गावात विकणार का. माझं ऐकाल तर गावात विकूच नका. 2022 मध्ये सुपरमार्केटात वाइन ठेवायचा निर्णय जाहीर झाला आणि विरोधापुढे अडला, हे लक्षात असू द्या. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही बाटलीवर आडनाव छापायच्या आधी विचारा, छापून आल्यावर नको. मी या एका कारणावरून भावाभावांत वाटण्या झालेल्या पाहिल्या आहेत.

तेव्हा थोरल्याने ऊस चालू ठेवावा, धाकट्याने येता हंगाम, जानेवारी ते मार्च, एखाद्या चालू वायनरीत पगार न मागता काम करून काढावा. क्रेट उचलणं, टाक्या धुणं, रात्री दोनला पंप-ओव्हर करणं (टाकीच्या तळचा रस वर चढवून सालींवर सोडणं), सगळं. तो एप्रिलमध्ये परत आल्यावरही त्याची इच्छा शाबूत असेल तर आधी चाचणीपुरतं दोन टन शिराज विकत घ्यायचं बघू. परवाना लागतोच, अगदी एवढ्यालाही. त्यासाठी राज्य उत्पादन शुल्कच्या कोल्हापूर अधीक्षक कार्यालयात आत्ताच चौकशी करून ठेवा, कारण फाइल द्राक्षापेक्षा सावकाश पिकते. आणि आळत्याच्या बाजूला कोणाचं मुरमाड माळरान खंडाने मिळतंय का ते थोरल्याने बघून ठेवावं. मिळालं तर तिथल्या मातीचे नमुने तीन फुटांपर्यंतचे घ्या, नुसते वरच्या फुटाचे नको.